भांडणारे संघ आणि मधला माणूस : अमेरिकन बेसबॉलमधला एक जुना वाद

आजचा विषय बेसबॉलचा आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी बेसबॉलचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नसेल. काही बिघडत नाही. आज आपल्याला खेळाचे नियम फारसे लागणार नाहीत. आज आपण बघणार आहोत तो त्या खेळाच्या चाहत्यांमधला वाद. एकाच संघातले खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा तो संघ मोडतो की पेटून उठतो? अमेरिकेत बेसबॉलप्रेमी म्हातारे एकत्र बसले की हा प्रश्न निघतोच. आणि तो निघाला की पाठोपाठ दुसरा येतो : मग तुमचा आवडता मॅनेजर कोण?

आमचं आजचं म्हणणं असं की हे दोन वाद वेगळे नाहीतच. कसे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी मॅनेजर म्हणजे कोण, ते नीट समजून घेऊ. क्रिकेटमध्ये मॅनेजर म्हटलं की हॉटेल, तिकिटं, सामान बघणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. क्रिकेटचा कर्णधार मैदानावर जे जे ठरवतो, ते बेसबॉलमध्ये मॅनेजर ठरवतो. कोण कितव्या क्रमांकावर खेळणार, पिचर कधी बदलायचा, कुणाला बसवायचं, सगळं. तो मैदानाकडेच्या डगआउटमध्ये बसतो, आणि खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल : एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

ह्या मॅनेजरच्या डोक्यावर मालक, आणि हाताखाली खेळाडू. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळाडूंच्या करारात एक कलम असायचं, रिझर्व्ह क्लॉज. करार संपला तरी खेळाडूवर हक्क त्याच मालकाचा. मालक देईल त्या पगारावर सही करा, नाहीतर घरी बसा. दुसऱ्या संघाशी बोलणी करायची सोय नाही. संघातली भांडणं ह्या पार्श्वभूमीवर बघितली, तर त्यांचा अर्थ बराच बदलतो.

भांडणांच्या दंतकथांची सुरुवात बहुतेक जण शिकागो कब्ज संघापासून करतात. शॉर्टस्टॉप जो टिंकर, सेकंड बेसवर जॉनी एव्हर्स आणि फर्स्ट बेसवर फ्रँक चान्स. १९१० साली फ्रँकलिन अॅडम्स ह्या वृत्तपत्रीय लेखकाने ह्या तिघांवर एक छोटी कविता केली आणि ही नावं अमेरिकेत जोडीने घेतली जाऊ लागली, आपल्याकडे एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप तोंडात येतं तशी. पण गंमत बघा. त्यांतले टिंकर आणि एव्हर्स एकमेकांशी बोलत नसत! १९०५ साली एका प्रदर्शनीय सामन्याच्या वेळी घोडागाडीवरून दोघांचं वाजलं, एव्हर्स बाकीच्यांना सोडून एकटाच गाडी घेऊन निघून गेला म्हणून, आणि प्रकरण मैदानावर मारामारीपर्यंत गेलं. त्यानंतर कित्येक वर्षं अबोला. आणि ह्या अबोल्याच्या काळात संघाने काय केलं? १९०६ साली १५२ निकाली सामन्यांपैकी ११६ जिंकले. १९०७ आणि १९०८ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. मॅनेजर होता तिसरा भिडू, म्हणजे चान्स. तो स्वतः खेळायचाही आणि संघ चालवायचाही. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे वेळेवर जातो ना? मग तुम्ही जेवताना बोलता की नाही, ह्याच्याशी काय घेणंदेणं?

पहिल्या पक्षाचा, म्हणजे 'भांडणाने काही बिघडत नाही' असं म्हणणाऱ्यांचा, हा लाडका दाखला. पण तो घोडागाडीचा रुसवा होता. सगळी भांडणं एका मापाची नसतात.

आता १९४७ च्या वसंत ऋतूत चला. ब्रुकलिन डॉजर्स संघात जॅकी रॉबिन्सन येणार हे दिसू लागलं होतं. विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेला नव्हता. संघाचा सराव त्या वर्षी क्यूबा आणि पनामात होता. संघातल्या काही दाक्षिणात्य गोऱ्या खेळाडूंनी एक अर्ज फिरवायला घेतला, की आम्ही ह्याच्याबरोबर खेळणार नाही. केंटकीच्या पी वी रीझने सही करायला नकार दिला. ही बातमी मॅनेजर लिओ ड्युरोशरच्या कानावर गेली, तेव्हा त्याने मध्यरात्री खेळाडूंना झोपेतून उठवलं आणि बैठक घेतली. तात्पर्य असं, की माणसाच्या रंगाशी मला कर्तव्य नाही, तो खेळतो, तो तुम्हाला पैसा मिळवून देणार आहे, आणि ज्याला चालत नसेल त्याची दुसरीकडे रवानगी होईल.

आता ड्युरोशर काही साधुपुरुष नव्हता. तोंडाचा फटकळ, जुगाऱ्यांच्या संगतीतला. त्याच संगतीवरून मोसम सुरू व्हायच्या आधीच कमिशनरने त्याला वर्षभरासाठी निलंबित केलं. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा ड्युरोशर डगआउटमध्ये नव्हताच. संघ पुढे चालवला बर्ट शॉटन ह्या वयस्क गृहस्थाने. हा गणवेश न घालता साध्या कपड्यांत बसायचा. संघ त्या वर्षी लीगमध्ये पहिला आला. पण चाहत्यांच्या आठवणीत रुतून बसली ती ड्युरोशरची मध्यरात्रीची बैठक. का? कारण तिथे समेट घडवण्याचा प्रश्नच नव्हता. 'दोघांनी थोडं थोडं घ्या' असं म्हणून चालणार नव्हतं. बाजू घ्यावी लागणार होती, आणि त्याने घेतली.

हे सूत्र हातात धरून आता आपण १९७० च्या दशकात येऊ. खरा मजकूर इथे आहे.

ओकलंड अॅथलेटिक्स. १९७२, १९७३, १९७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकणारा संघ. ह्या संघात काय नव्हतं! रेजी जॅक्सन, कॅटफिश हंटर, व्हायडा ब्लू, रॉली फिंगर्स. आणि मालक चार्ली फिन्ली, विमा व्यवसायात पैसा कमावलेला गृहस्थ. हौसही मोठी आणि कंजूषपणाही मोठा. १९७२ मध्ये जॅक्सन मिशा ठेवून सरावाला आला. त्या काळात बेसबॉलपटू गुळगुळीत दाढी करून यायचे. फिन्लीने उलटीच शक्कल लढवली, मिशा वाढवणाऱ्याला ३०० डॉलर बक्षीस! फिंगर्सच्या पिळदार मिशा त्यातूनच आल्या. दुसरीकडे ब्लूने १९७१ मध्ये २४ सामने जिंकून दिले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पगारवाढ मागितली तर मालक ढिम्म. ब्लू मोसमाची सुरुवात होऊनही घरी बसून राहिला. शेवटी आला, पण मनात अढी धरून. रिझर्व्ह क्लॉज म्हणजे काय, ते असं.

ह्या संघात मारामाऱ्या नित्याच्या. जून १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या क्लबहाउसमध्ये जॅक्सन आणि बिली नॉर्थ भिडले. सोडवायला गेलेला कॅचर रे फॉसी मानेच्या मणक्याला दुखापत होऊन मोसमातला बराच काळ बाहेर बसला. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या आदल्या दिवशी फिंगर्स आणि ब्लू मून ओडम ह्यांच्यात जुंपली, फिंगर्सच्या डोक्याला टाके पडले. आणि त्याच सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू कोण? फिंगर्स. चाहते ही गोष्ट सांगताना अगदी खुलतात.

पण आम्हाला विचाराल तर ओकलंडची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मारामारीची नाहीच. ती आहे ऑक्टोबर १९७३ ची. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना, बारावी इनिंग. सेकंड बेसवरच्या माइक अँड्र्यूजच्या हातून लागोपाठ दोन चुका झाल्या आणि सामना गेला. फिन्ली भडकला. त्याने अँड्र्यूजला डॉक्टरपुढे उभं केलं आणि 'खांदा दुखावला आहे, खेळता येणार नाही' अशा कागदावर सही करायला लावली. म्हणजे त्याला वगळून दुसरा खेळाडू घेता येईल. भर वर्ल्ड सिरीजमध्ये!

मग काय झालं? एरवी एकमेकांची डोकी फोडणारा हा संघ एक झाला. खेळाडूंनी सरावात बाहीवर चिकटपट्टीने १७ आकडा लावला. तो अँड्र्यूजचा क्रमांक. कमिशनर बोवी कून ह्याने अँड्र्यूजला परत घ्यायला लावलं. मॅनेजर होता डिक विल्यम्स. हा कडक म्हणून प्रसिद्ध. अँड्र्यूज १९६७ च्या बॉस्टन संघात त्याच्याच हाताखाली तयार झालेला. विल्यम्सने खेळाडूंना सांगून टाकलं, की ही सिरीज संपली की मी जातो, ह्या मालकाबरोबर आता नाही. आणि चौथ्या सामन्यात, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, त्याने अँड्र्यूजला बॅट घेऊन पाठवलं. मैदान प्रतिस्पर्ध्यांचं. तरीही सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवत राहिलं. अँड्र्यूज लगेच बाद झाला. मेजर लीगमध्ये तो पुढे कधी खेळला नाही. पण त्या टाळ्या बेसबॉलच्या इतिहासात राहिल्या.

ओकलंडने सिरीज सात सामन्यांत जिंकली आणि विल्यम्स शब्दाप्रमाणे गेला. न्यूयॉर्क यँकीज त्याला घ्यायला तयार होते. फिन्लीने आडकाठी केली, की करार माझ्याशी आहे, मोबदला द्या. बात फिसकटली. म्हणजे बघा, मॅनेजरही शेवटी मालकाच्या करारात अडकलेला. ही फिसकटलेली बात लक्षात ठेवा, कारण यँकीजची ती खुर्ची पुढे १९७५ मध्ये बिली मार्टिनकडे गेली.

मधल्या काळात पायाच हलला. १९७४ च्या शेवटी फिन्लीने हंटरच्या कराराप्रमाणे ५०,००० डॉलरची रक्कम भरली नाही म्हणून लवादाने हंटरला मोकळं केलं. तो यँकीजकडे गेला. वर्षभराने, डिसेंबर १९७५ मध्ये, लवाद पीटर साइट्झ ह्यांनी रिझर्व्ह क्लॉजचा अर्थच मर्यादित केला आणि खेळाडूंना बाजार खुला झाला. ओकलंडचा संघ दोन-तीन वर्षांत पांगला. जॅक्सन नोव्हेंबर १९७६ मध्ये पाच वर्षांच्या सुमारे ३० लाख डॉलरच्या करारावर न्यूयॉर्कला पोहोचला.

आता यँकीजचं घर कसं होतं ते पाहू. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर. कर्णधार कॅचर थर्मन मन्सन, १९७६ चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. मन्सनचं म्हणणं असं, की हंटर सोडला तर सर्वांत जास्त पगार तुझा राहील, असा शब्द मालकाने आपल्याला दिला होता. आणि आता हा नवा येतो आणि डोईजड रक्कम घेऊन येतो. त्यात १९७७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका मासिकात जॅक्सनची मुलाखत छापून आली, त्यात ह्या संघाचा खरा कणा मन्सन नसून मीच, अशा अर्थाची विधानं होती. संघातल्या बऱ्याच जणांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. वरवर हे दोन अहंकारांचं भांडण. पण खोदून पाहिलं तर तळाशी काय आहे? जुन्या व्यवस्थेत पगार ठरलेला माणूस आणि नव्या व्यवस्थेत किंमत ठरलेला माणूस एकाच खोलीत कपडे बदलताहेत.

आणि मध्ये मॅनेजर बिली मार्टिन. केसी स्टेंगल ह्या थोर मॅनेजरचा लाडका चेला. स्टेंगलने १२ वर्षांत १० वेळा यँकीजला लीगमध्ये पहिलं आणलं होतं. मार्टिनचं डोकं खेळात विलक्षण चालायचं, पण हातही चालायचा. १९६९ मध्ये मिनेसोटाचा मॅनेजर असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या पिचरला बदडलं होतं. जॅक्सन संघात आला तो मालकाच्या हट्टाने, मार्टिनला तो नकोच होता.

१८ जून १९७७, बॉस्टन. सामना देशभर टीव्हीवर चालू. एक चेंडू राइट फील्डमध्ये पडला, जॅक्सन त्याच्याकडे हळू गेला, निदान मार्टिनला तसं वाटलं. त्याने इनिंग चालू असतानाच दुसरा खेळाडू पाठवून जॅक्सनला बाहेर बोलावलं. मघाशी सांगितलं तसं, बाहेर आला की परत जाणं नाही. सगळ्या देशासमोर पाणउतारा. डगआउटमध्ये दोघं अंगावर आले. मार्टिनला आवरलं ते योगी बेरा आणि एल्स्टन हॉवर्ड ह्या दोन प्रशिक्षकांनी. हॉवर्ड म्हणजे यँकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, १९५५ चा. एका गोऱ्या मॅनेजरने एका महागड्या कृष्णवर्णीय खेळाडूला असं बाहेर काढणं प्रेक्षकांनी कसं पाहिलं असेल, ह्याचा विचार वादात क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

पुढे मार्टिनने त्याला चौथ्या क्रमांकावर खेळवायलाही बराच काळ टाळाटाळ केली. तरी शेवट असा झाला : १८ ऑक्टोबर १९७७, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, जॅक्सनने तीन वेगवेगळ्या पिचरच्या पहिल्याच चेंडूंवर तीन होम रन मारले. यँकीज विजेते. पहिला पक्ष पुन्हा खूष : बघा, भांडण पेटवतं!

थांबा. १९७८ बघू. जुलैच्या मध्यात यँकीज बॉस्टनच्या १४ सामने मागे. जॅक्सनने मार्टिनचा इशारा न मानता बंट मारायचा प्रयत्न केला, पाच सामन्यांचं निलंबन झालं. काही दिवसांनी विमानतळावर मार्टिन पत्रकारांपुढे बोलून बसला. जॅक्सनला खोटारडा म्हणाला, आणि मालकाला निवडणूक देणग्यांच्या प्रकरणात १९७४ मध्ये झालेल्या शिक्षेवरून टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी रडत राजीनामा. त्याच्या जागी आला बॉब लेमन, शांत, कमी बोलणारा. तो कुणाशी भांडला नाही, खेळाडूंना खेळू दिलं. ऑगस्टच्या १० तारखेपासून न्यूयॉर्कची तिन्ही मोठी दैनिकं संपामुळे बंद पडली, म्हणजे क्लबहाउसमधली कुरबुर दुसऱ्या दिवशी मथळ्यात यायची थांबली. तोच संघ, तीच माणसं, तेच हेवेदावे. संघ वर चढला, बॉस्टनला एका निर्णायक सामन्यात हरवलं आणि पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली.

आता आपण मूळ वादाकडे येऊ. १९७२ ते १९७८ ह्या सात वर्षांतले विजेते मांडा. तीन ओकलंड, शेवटची दोन यँकीज. मधली दोन, १९७५ आणि १९७६? सिनसिनाटी. मॅनेजर स्पार्की अँडरसन, दाढीमिशीला बंदी, कपडे नीटनेटके, आणि संघात मोठं भांडण नाही. म्हणजे भांडणारेही जिंकले, न भांडणारेही जिंकले. त्यांच्यात समान काय? उत्तम खेळाडू. भांडून हरलेल्या संघांची नावं आपल्याला आठवत नाहीत, कारण त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. मग भांडणाने संघ पेटतो असं वाटणारच.

इथे कुणी विचारेल, की मग मार्टिनवर लोकांचं इतकं प्रेम का? रास्त प्रश्न. राजीनाम्यानंतर पाचव्याच दिवशी, २९ जुलै १९७८ ला, जुन्या खेळाडूंच्या सोहळ्यात घोषणा झाली की मार्टिन पुढे परत येणार. यँकी स्टेडियम किती तरी वेळ टाळ्या वाजवत होतं. स्टाइनब्रेनरने त्याला एकूण पाच वेळा नेमलं आणि पाचही वेळा घालवलं. आम्हाला वाटतं, लोकांना त्याच्यात पराक्रमापेक्षा एक ओळखीची गोष्ट दिसत होती : वरच्या साहेबाला तोंडावर बोलणारा नोकर. आणि साहेब तोच माणूस ठेवतो, काढतो, ठेवतो, काढतो. ज्यांनी स्वतः नोकऱ्या केल्यात त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. पण त्याच मार्टिनने हाताखालच्या माणसाला देशासमोर लाज आणली, हेही त्याच वहीत लिहिलं पाहिजे.

२ ऑगस्ट १९७९ रोजी मन्सन स्वतःचं छोटं विमान उतरवण्याचा सराव करत असताना अपघातात गेला. वय फक्त ३२. त्याच्या काही आठवडे आधी जॅक्सन त्याच विमानात त्याच्याबरोबर प्रवास करून आला होता. दोघांमधलं शिकागोच्या त्या जोडीसारखं दीर्घ वैर होण्याआधीच गोष्ट संपली.

तर मंडळी, भांडण चांगलं की वाईट, ह्यावर चाहत्यांनी भांडत राहावं, त्यात मजा आहे. पण इतिहास वाचताना आपण प्रश्न थोडा बदलून विचारावा : भांडण झालं तेव्हा मधला माणूस कुणाच्या बाजूला उभा राहिला, आणि त्याला त्याची काय किंमत मोजावी लागली? ड्युरोशरने अर्ज फिरवणाऱ्यांना दटावलं. लेमनने आगीत तेल ओतलं नाही. मार्टिन वरच्याशीही भांडला आणि खालच्याशीही. आणि विल्यम्सने, मालकाने टाकून दिलेल्या माणसाच्या हातात बॅट दिली आणि जिंकलेला संघ सोडून गेला. विल्यम्स पुढे सॅन डिएगोलाही वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन गेला आणि २००८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये आला. त्याच्या नावावरच्या सामन्यांचा हिशोब तिथे आहेच. पण आमचा आवडता मॅनेजर विचाराल, तर आम्ही शे स्टेडियमवरच्या त्या आठव्या इनिंगकडे बोट दाखवू.

आज इथेच थांबू.